लांब बाह्यांचा शर्ट

७ जुलै, सोम.
दिनू आजही दुपारी तीनला आला. रात्रपाळी सकाळी सहाला सुटते. मधला वेळ कुठे? विचारलं तर म्हणे, "डबल होती, बाबा." डबल म्हणजे एका पाळीला लागून दुसरी. एन्नोरच्या बाजूला कंटेनरच्या यार्डात क्रेन चालवतो. पण रोजच डबल कशी? साखर कारखान्याच्या गेटवर माझा जन्म गेला. तुटक उत्तर देणाऱ्याची पिशवी मी आधी उघडायचो.
आणि चेन्नईच्या या उकाड्यात लांब बाह्यांचा शर्ट घालून जेवायला बसला.

९ जुलै, बुध.
खाली जाऊन त्याची मोटारसायकल बघितली. डावा आरसा नाही. सुनेला विचारलं. सावित्री म्हणाली, "पार्किंगमध्ये कुणी मोडला म्हणे, मामा." सासऱ्याला मामा म्हणतात यांच्यात. तंजावरकडचे मराठी, पिढ्यानपिढ्या इथलेच. नवरा-बायको आपसात तमिळ बोलतात. आज सारखं "ऊर, ऊर" चाललं होतं. ऊर म्हणजे गाव, एवढं मला कळतं. मला गावी धाडायचा बेत दिसतो.

१२ जुलै, शनि.
सावित्रीच्या माहेरची शिस्त इथंही चालते. शनिवारी पुरुषांनी अंगभर तिळाचं कोमट तेल लावून न्हायचं आणि त्या दिवशी दिवसा झोपायचं नाही. मी उशीला टेकलो तरी ओरडते. दिनू एरवी हौसेने पाट घेऊन बसायचा. आज पुन्हा नको म्हणाला.
"यार्डातलं ग्रीस चालतं, माझं तेल नाही चालत?" सावित्री म्हणाली.
तो हसलासुद्धा नाही.
तेलाला शर्ट काढावा लागतो. हे मला संध्याकाळी सुचलं.

१४ जुलै, सोम.
अंगाला बामचा वास. दुसरा वास दाबायला चोळत असेल. पाणी द्यायच्या निमित्ताने तोंडाजवळ गेलो.
"काय शोधताय? डबा पण उघडून दाखवू?"
बापालाच टोमणा. दारूचा वास आला नाही. पण पिता पिता अर्धं पाणी शर्टावर सांडलं. दारू नाही तर मग काय? बाई? सावित्रीला माहीत असून ती गप्प आहे का?

१७ जुलै, गुरु.
चहाच्या टपरीवर सेल्वम भेटला. दिनूच्याच यार्डात आहे, मागच्या गल्लीत राहतो. मोडक्या हिंदीत म्हणाला, "सब डबल करता, अय्या. आदमी कम. ना बोला तो कल से मत आओ." दोन माणसं सोडून गेली, नवी घेतलीच नाहीत.
म्हणजे डबल खरी. मग लपवतो काय?
सेल्वमने चहात साखर घातली, ढवळली, आणि मला विचारलं, साखर घातली का मी?

१९ जुलै, शनि.
आज तेलाची वाटी मीच उचलली. म्हटलं, "लहानपणी कोण लावायचं तुला? काढ शर्ट." त्याच्यात नाही म्हणायचीही ताकद नव्हती.
डाव्या खांद्यापासून कोपरापर्यंत सगळं सोलवटलेलं. कुठे खपली, कुठे अजून ओलं. "अय्यो," सावित्री म्हणाली आणि खालीच बसली. तिलाही ठाऊक नव्हतं. मी तिच्यावर उगाच...
"डोळा लागला गाडीवर," तो म्हणाला. "मागे ट्रेलर होता. त्याने वळवला म्हणून."
"आणि क्रेनवर?"
त्याने तेलासाठी डोकं पुढे केलं.
डोक्याला तेल लावता लावता तो पाटावर बसूनच झोपला. डोकं माझ्या पोटाला टेकलेलं. तेलाच्या दिवशी झोप वाईट, ताप येतो म्हणतात. मी उठवणार होतो. सावित्रीने हात धरला. "झोपू द्या, मामा. हलू नका." तसाच पायाला मुंग्या येईपर्यंत उभा राहिलो.

२० जुलै, रवि.
तिघं बसलो. गावाचा उलगडा झाला. मला एकट्याला नाही, त्यालाच आठवडाभर माझ्याबरोबर विश्रांतीला पाठवायचं ती म्हणत होती. सुटी मिळाली नाही.
"नाही म्हटलं तर माझ्या जागी उद्या दुसरा येईल," दिनू म्हणाला.
सावित्री म्हणाली, "तिथं येईल. इथं कुठून आणू?"
शेवटी म्हणाला, "बरं. डबल नाही करत." माझ्याकडे न बघता म्हणाला.

२१ जुलै, सोम.
रात्रपाळीला निघताना त्याला चावी सापडेना. माझ्या लाडवांच्या डब्यात आहे.
"बाबा, चावी पाहिलीत?"
"मला काय माहीत?"
वाटलं, बसने जाईल. त्याने फोन केला. खाली सेल्वमची मोटारसायकल आली. मी गॅलरीत धावलो, पण दुकानाचं छप्पर आडवं आलं. नुसता आवाज गेला. कोण चालवत होता, कोण मागे, दिसलं नाही.

२२ जुलै, मंगळ.
दुपारचे दोन वाजून गेले. दिनू आला नाही. क्रेनवर फोन बंद ठेवतात. सावित्रीने भात दुसऱ्यांदा गरम केला. सेल्वमच्या गल्लीत जाऊन आलो. तोही आलेला नाही. म्हणजे दोघांचीही डबल. मागे बसलेला डुलकी घेईल, चालेल. पण पुढे कोण बसणार, हे त्या दोघांत कोण ठरवणार? आणि कशावरून?
सावित्री विचारते, "चावी खरंच सापडली नाही का, मामा?"
रस्त्यावर गाडीचा आवाज आला की दोघंही गॅलरीत जातो.