बोस्नियाच्या कोचचा दुभाष्या

३ जून, मंगळ.
शेठने आज ऑफिसात बोलावून सांगितलं. मुख्य कोच बाहेरून येतोय. बोस्नियाचा. हा देश कुठे आहे ते शेठलाही धड माहीत नाही, पण "युरोपचा आहे, युरोपचा" असं सारखं चाललं होतं. इतके सीझन ही फुटबॉल टीम मी सांभाळली, काळजीवाहू कोच म्हणून. काळजी वाहून झाली, आता बाजूला सरका. मी असिस्टंट.
नीताने तिच्या भावाला आधीच कळवलं होतं की या वर्षी ह्यांचं नक्की. आता काय सांगायचं ते तिचं ती बघेल.

५ जून, गुरु.
वर त्याला आणायलाही मीच. शेठचा ड्रायव्हर सुट्टीवर. सहारला विमानतळाबाहेर हॉटेलवाल्यांच्या रांगेत पाटी धरून उभा. पाटीवर 'सेनाद', अक्षर माझंच, स्केचपेनने. वयाच्या पन्नाशीला हे.
मला वाटलं सूटबूट असेल. पूर्ण टक्कल, एकच बॅग, बूट प्लॅस्टिकच्या पिशवीत. हात मिळवला, पाटी माझ्या हातातून घेतली, घडी करून खिशात ठेवली. आठवण म्हणे. मुलुंड येईपर्यंत गाडीत झोपला.
यापुढे नुसतं 'से.' लिहीन. पूर्ण नाव रोज लिहायची इच्छा नाही.

७ जून, शनि.
नेटवर से.ची सगळी कुंडली काढली. तिकडच्या पोलाद कारखान्याच्या गावात जन्म, गावच्याच क्लबात खेळला, गुडघा गेला, कोच झाला. मग ओमान, मलेशिया, मालदीव. कुठेही दोन वर्षांच्या वर टिकलेला नाही. बरं वाटलं. नीताला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "पण एवढ्या ठिकाणी बोलावलं तर खरं." हिला कोणी विचारलं होतं?

९ जून, सोम.
शेठची आणि त्याची पहिली मीटिंग. से.चं इंग्रजी म्हणजे तोंडात दगड धरून बोलल्यासारखं. शेठला एक अक्षर कळेना. मला का कोण जाणे कळतं. मग मीच मधे बसलो. तो बोलला की मी शेठला मराठीत, शेठ बोलला की मी त्याला इंग्रजीत. शेवटी शेठ खूश होऊन म्हणाला, हे झकास झालं, मैदानावर पण असंच करा.
पोरं गोवंडीची, भांडुपची, विक्रोळीची. त्यांना माझीच भाषा लागणार. म्हणजे टीम ज्याची होती त्याने आता दुसऱ्याचं बोलणं पोचवायचं.

२३ जून, सोम.
प्रॅक्टिस ठीक. पोरं त्याच्यावर फिदा. तो पोरांबरोबर धावतो, गुडघा गेलेला असून. मी धावत नाही, माझे दोन्ही गुडघे शाबूत आहेत.

१० जुलै, गुरु. गुरुपौर्णिमा.
दर वर्षी प्रॅ. संपली की पोरं शेडमध्ये रांग लावतात. हार, नारळ, पाया पडणं. माझ्या.
आज मी नेहमीच्या खुर्चीवर बसायला गेलो तर खुर्चीवर से. बसलेला. त्याला कोणीतरी बसवलेलं. इरफान सगळ्यात पुढे. गोवंडीच्या मैदानातून ह्याला मी आणलेला, त्याच्या अब्बांना समजवायला घरी तीन खेपा घातल्या. त्याने मोठा हार से.च्या गळ्यात घातला. मग माझ्याकडे वळून दुसरा. लहान. फुलं कालची वाटली.
से. हातात नारळ धरून गोंधळला. मला विचारलं, ह्याचं काय करायचं. मी सांगितलं, आमच्याकडे कोणाला कामावरून काढायचं असलं की नारळ देतात. त्याचा चेहरा पडला. मुकाट बॅगेत ठेवला. मला दिवसभर हलकं वाटत होतं. संध्याकाळी इरफानने त्याला खरं काय ते सांगितलं. तो इतका हसला की डोळ्यात पाणी. चिडला असता तर चाललं असतं.

२७ ऑगस्ट, बुध. गणपती.
नीताने त्याला बोलावलं. मी नाही. दारात उभा राहून आधी विचारलं, मी मुसलमान आहे, आत आलो तर चालेल का. नीता म्हणाली, "या की, गणपती कोणाला अडवतो का." मी इंग्रजीत सांगितलं. एवढा लांब निरोप मी एका शब्दात उरकला: कम.
मोदक सात खाल्ले. जेवून आपलं ताट आपण उचलून मोरीत नेलं, धुवायलाही बसला. शेजारच्या सावंतकाकू बघत होत्या. तो गेल्यावर नीताने माझ्या ताटाकडे बघितलं. माझं ताट तिथेच होतं.

१४ सप्टें., रवि.
लीगची पहिली मॅच. से.चा प्लॅन: सगळ्यांनी पुढे चढायचं, चेंडू त्यांच्या गोलजवळच हिसकावायचा. ह्या उकाड्यात. मुंबईच्या पोरांना मी ओळखतो, अर्ध्या तासात जीभ बाहेर येते. तरी हाफटाइमला शब्दन्‌शब्द प्रामाणिकपणे पोचवलं. ०-२ हरलो. शेठने गाडीत बसताना माझ्याकडे बघितलं. माझ्याकडे का?

२८ सप्टें., रवि.
लिहू की नको. लिहितो.
हाफटाइमला ०-१. से. तेच परत: वर चढा, दाबून टाका. सगळे माझ्या तोंडाकडे बघतायत. आणि मी सांगितलं, "मागे थांबा. त्यांना येऊ दे आपल्यात. चेंडू मिळाला की लांब मारा, इरफान मधल्या लाइनवरच थांबेल." से. शेजारी मान हलवत होता. त्याला काय कळतंय.
२-१ जिंकलो. दोन्ही गोल इरफानचे, दोन्ही लांब चेंडूवर.
बाहेर पडताना छाती अशी भरून आलेली. मग शेठ आला आणि त्याने से.ला मिठी मारली.

२९ सप्टें., सोम.
पेपरात छोटी बातमी. 'परदेशी प्रशिक्षकाची चतुर चाल.' नीताने मोठ्याने वाचली. "बघा, माणूस किती हुशार आहे." चहा तसाच ठेवून उठलो. माझी चाल, माझं डोकं, माझ्या तोंडून निघालेली, आणि नाव त्याचं. सांगू कोणाला? सांगितलं तर पहिला प्रश्न हाच की तू बदलून का सांगितलंस.

५ ऑक्टो., रवि.
परत तेच केलं. परत जिंकलो, १-०. परत कौतुक त्याचंच. इरफान म्हणाला, "सर, बोस्नियावाले सरांचं डोकं लई भारी चालतं ना." मी हो म्हटलं.
अंगाची नुसती आग होतेय.

८ ऑक्टो., बुध.
ठरलं. पुढच्या मॅचला तो बोलेल ते जसंच्या तसं. एक शब्द इकडचा तिकडे नाही. वर चढवू दे त्याला पोरांना. पडू दे तोंडावर. सगळ्यांना कळू दे कोणाचं डोकं होतं.

१२ ऑक्टो., रवि.
हाफटाइमला ०-०. मी तयारच होतो. से. उभा राहिला आणि म्हणाला, मागे थांबा, त्यांना येऊ द्या, इरफान लाइनवर, लांब चेंडू.
माझा प्लॅन. हुबेहूब.
पोरं म्हणाली, सर बोला ना. मग बोललो. स्वतःचंच बोलणं दुसऱ्याचं म्हणून. ३-० जिंकलो.
चोर आहे. सरळ सरळ चोर. मैदानावरून उचललं आणि आपल्या नावावर खपवलं. आणि मी कोणाकडे ओरडणार? चोरी झाली म्हणायला आधी माल माझा होता हे सांगायला हवं, आणि तो पोरांपर्यंत कसा पोचला तेही.
नीता विचारते, जिंकलात तर तोंड असं का. डोकं दुखतंय म्हटलं.

१९ ऑक्टो., रवि.
दिवाळीची सुट्टी. से.ने घरी कंदील मागितला, बाल्कनीत लावायला. दिला. आमच्या दारातल्यापेक्षा मोठा निघाला तो, नीतानेच निवडला.

४ नोव्हें., मंगळ.
प्रॅ. नंतर टपरीवर से. म्हणाला, मी चाललो. आई एकटी आहे, आणि त्याच्या गावच्या क्लबने बोलावलंय, जिथे लहानपणी खेळला तिथेच. अजून शेठला सांगायचंय.
मला खूश व्हायला हवं होतं. खुर्ची रिकामी होतेय. पण पहिलं काय मनात आलं तर हे, की त्याला त्याच्या गावाने बोलावलं. मला माझ्या भांडुपमधल्या कोणत्या क्लबने आजवर साधं बक्षीस समारंभाला बोलावलंय? जाताना पण माणूस वरचढ.
चहाचे पैसे त्यानेच दिले. तेवढं मी देऊ दिलं.

५ नोव्हें., बुध.
नीताला सांगितलं. ती लगेच म्हणाली, "मग आता तुम्हालाच. शेठकडे दुसरं कोण आहे?" तिच्या चेहऱ्यावर इतक्या दिवसांनी असं काही बघितलं की मीही मान्य केलं. या वेळी भावाला फोन करू नकोस, एवढंच सांगितलं. मला हवीय ती टीम. उगाच कशाला खोटं लिहू. झोपेत पण हवीय.

८ नोव्हें., शनि.
शेठचं ऑफिस. शेठ, से. आणि मधे मी. नेहमीसारखंच.
शेठ नाराज, पण समजून घेतलं. मग मला म्हणाला, "विचार त्याला, आता टीम कोणाला देऊ? तुला देऊ, का दुसरा गोरा शोधू? त्याचा शब्द मी मानणार." मी विचारलं. स्वतःबद्दलचा प्रश्न स्वतःच.
से. माझ्याकडे न बघता, शेठकडे बघत बोलला. सावकाश. मला नीट कळावं म्हणूनच असणार. म्हणाला, "याला द्या. पोरांना माझ्यापेक्षा हा जास्त ओळखतो. त्या दोन मॅच यानेच जिंकल्या. मी सांगितलं ते याने पोरांना सांगितलंच नाही, स्वतःचं सांगितलं. पोरांचे पाय बघून मला कळलं. पुढच्या मॅचला मी याचंच सांगितलं, कारण ते बरोबर होतं. पण टीम हातात घ्यायच्या आधी याने हे पोरांना स्वतःच्या तोंडाने सांगायला हवं."
शेठ पुढे वाकला. "काय बोलतोय रे? एवढं लांब?"
पहिलं वाक्य तेवढं सांगितलं असतं तरी काम झालं असतं. 'मला द्या म्हणतोय.' बस. बाकीचं शेठला कधी कळणार होतं? तोंड उघडलं पण. आणि ते अर्धंही बाहेर पडेना.
मी म्हटलं, "विचार करून उद्या सांगतो म्हणतोय."
से.ला मराठी येत नाही. पण 'उद्या' येतं, त्याच्या फ्लॅटचा प्लंबर रोज सांगतो. त्याने माझ्याकडे बघितलं. चिडला नाही. "उद्या," म्हणाला आणि शेठला मान डोलावली. शेठनेही डोलावली.
जिन्यात दोघंच होतो. मला वाटलं आता बोलेल. नुसतं माझ्या खांद्यावर थोपटून पुढे गेला.
घरी आल्या आल्या नीताने विचारलं, काय झालं. तिलाही 'उद्या' एवढंच सांगितलं.
त्याच्या गावाचा, गळ्यातल्या हाराचा, नीताच्या मोदकांचा, सगळ्याचा हेवा करून झाला. आज जो वाटला तो सगळ्यात वाईट. माझ्याबद्दल चांगलं आणि वाईट दोन्ही तो एका दमात, माझ्यासमोर बोलून मोकळा झाला. मला त्याच्याबद्दल नुसतं चांगलंसुद्धा कधी बोलता आलं नाही.
उद्या अकराला परत शेठकडे. मधल्या खुर्चीत मीच.