शहाऐंशी नंबरचा सदरा

फोनवर मला ‘जाऊ दे गं आजी’ म्हणालीस ते म्हणालीस, वर फोनही ठेवून दिलास. मी काय दारावर आलेली विक्रेती आहे? चौथीत शाळा सुटलेल्या बाईला लिहायला बसवलंस. आता अक्षर लागेल तसं लाव आणि शेवटपर्यंत वाच.

प्रिय ठमे,

मागे आलीस तेव्हा माझ्या जेवायच्या टेबलावर तुझा कॉम्प्युटर पसरून बसली होतीस. प्रोग्राममधली चूक शोधायला एक खिडकी लागते, डीबगर का काय ते, आणि ती तुमचीच कंपनी बनवते, एवढं मला कळलं. तू गंमत म्हणून माझं नाव त्यात घातलंस. आत नाव धड आहे म्हणालीस, पण दिसायला काय, तर तिरक्या रेघा आणि आकडे, एकेका अक्षराला तीन तीन. इंग्रजी अक्षर असलं की आकडा दाखवून शेजारी अक्षरही दाखवतो. आपल्या वाट्याला नुसते आकडे. मी म्हटलं, मेल्याला माझं नाव घ्यायची लाज वाटते का? तू हसलीस, आणि घरी जाऊन तीन रविवार खर्चून त्याला आपली अक्षरं दाखवायला लावलीस. फोटो पाठवलास त्यात माझं नाव होतं. मी चष्मा पुसून दोनदा बघितलं. चष्माच मळला होता.

त्यानंतर तुमच्या कंपनीचं गिऱ्हाईक असलेल्या त्या दवाखान्याचं झालं. दोन बायकांचे रिपोर्ट एकमेकींच्या नावावर जात होते आणि तुमची शहाणी माणसं आठ दिवस आकड्यांकडे डोळे फाडून बसली होती. तुला तुझ्या खिडकीत नावं दिसली, तू तासाभरात चूक धरलीस. आणि तुझा साहेब म्हणतो, न विचारता हात लावलास, ती अक्षरं काढून टाक, दुरुस्ती करणाऱ्याला आकडे पुरतात, आणि ‘माझी चूक झाली’ असं लिहून सही दे. तूही सोमवारी द्यायला निघालीस. वा!

मी धुलाईच्या कारखान्यात अठरा वर्षं कपड्यांवर खुणेच्या चिंध्या शिवल्या. चिंधीवर गिऱ्हाइकाचं नाव नाही, नुसता नंबर. नंबराशेजारी नावाचं एक अक्षर तरी टाकू द्या, असं मी मुकादमाला सांगून बघितलं. तो म्हणाला, बायका नावं वाचत बसल्या तर काम कधी करणार? मग एकदा शहाऐंशीची चिंधी माझ्या हातून उलटी शिवली गेली. इंग्रजी शहाऐंशी उलटा धरून बघ, अठ्ठ्याण्णव होतो. सदरा भलत्याच घरी गेला, त्यांनी फाडून त्याची फडकी केली. तो सदरा न्यायला एक बाई आली. तिचा नवरा त्याच आठवड्यात गेला होता आणि त्याचा शेवटचा फोटो त्याच सदऱ्यात काढलेला होता. मुकादमाने माझ्यापुढे कागद सरकवला, सगळी चूक माझी म्हणून. उलटी शिवली ती मीच, ते खरं. पण अक्षर असतं तर उलटं शिवलेलं कुणालाही दिसलं असतं, हे त्या कागदावर नव्हतं. तुझी आई तेव्हा दोन वर्षांची. मी म्हटलं जाऊ दे, आणि सही केली.

दुसऱ्या दिवसापासून नंबराशेजारी अक्षर शिवायला लागले. मुकादम उसवायचा, मी शिवायची. थकला तो. पण कागद राहिलाच, आणि ती बाई रस्त्यात दिसली की मान फिरवायची.

हे तुझ्या आईलाही ठाऊक नाही. तुझं ‘जाऊ दे’ ऐकलं आणि मला माझाच आवाज ऐकू आला, म्हणून लिहिलं. सोमवारी सही करायची नाही. विचारायला हवं होतं, तेवढं कबूल कर. अक्षरं काढायचीच असतील तर साहेबाने स्वतःच्या हाताने काढावीत, आणि का काढली ते त्या दोन बायकांना जाऊन सांगावं. नोकरी गेली तर इकडे ये. खोली लहान आहे, तोंड मोठं आहे, राहू दोघी.

तुझीच,
कुणाचं न ऐकणारी आजी

ता. क. हे पत्र साहेबापुढे ठेव. उत्तर तू लिहायचं नाहीस, त्याने लिहायचं. आणि वर माझं नाव घालायचं, अक्षरांत.