जागेच्या भावाची गाडी

अण्णा,

तुमच्या गाडीला गिऱ्हाईक आलं. पुण्याहून एक गृहस्थ आले होते, साठीच्या पुढचे, जुन्या गाड्या जमवणारे. मी शेडचं कुलूप काढलं, ताडपत्री ओढली, तर हा माणूस दारातच थबकला आणि पायातले बूट काढू लागला. मी म्हटलं, "अहो, राहू द्या, खाली ऑईल सांडलंय." ते म्हणाले, "असू दे हो," आणि नुसत्या मोज्यांनी आत गेले. हात मागे बांधून गाडीभोवती एक फेरी मारली, मग दुसरी मारली. कितीतरी वेळ त्यांनी हातच लावला नाही. मी मनात म्हटलं, बरं झालं अण्णा नाहीत, नाहीतर याच्याशी बोलत इथेच संध्याकाळ केली असती. आणि मग वाटलं, नाही, असायलाच हवे होतात.

मला ती आली तो दिवस अजून दिसतो. मी सहावीत आहे, शुगर फॅक्टरीच्या कॉलनीत आपली दीड खोली आहे, आणि तुम्ही वर्कशॉपचे फिटर त्या लाल, बुटक्या, दोन दारांच्या विलायती गाडीतून फाटकातून आत येताय. सगळी कॉलनी गोळा झालेली. ती गाडी फॅक्टरीच्या इंजिनिअर साहेबांची, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. विलायतेत शिकून येताना त्यांनी ती बोटीतून आणली होती, आणि तिच्या पोटातला एकूण एक स्क्रू तुमच्या ओळखीचा होता. साहेब नोकरी सोडून निघाले. पार्ट मिळत नाहीत, सीट दोनच, खड्ड्यात गेली की पोट घासणार, अशी गाडी कोण घेणार? तुम्ही घेतलीत. नाशिक-पुणे रस्त्याला लागून, संगमनेरच्या अलीकडे, घरासाठी म्हणून घेतलेली दोन गुंठे जागा विकलीत आणि गाडी घेतलीत. आईला विचारलं नव्हतंत. ती दारात उभी राहून गाडीकडे बघते आहे, हातातलं पीठही न धुता, आणि म्हणते, "शिटा दोन, मान्सं तीन. पोरीला काय टपावर बसवायची?" गाडीचा कापडी टप त्या दिवशी उघडा होता, म्हणून लोक जास्तच हसले. तुम्हीही हसलात. आई हसली नाही. ती त्या गाडीत कधीच बसली नाही आणि तिनं तिला गाडी म्हटलं नाही. शेवटपर्यंत "जागंचा पत्रा" म्हणाली.

मी आईच्या बाजूची. एकुलत्या एका मुलीने बापाची बाजू घ्यायची असते म्हणतात, पण रस्त्यावरून जाताना आधी चहाची टपरी, मग हार्डवेअरचं दुकान, मग त्यावर मजला, असं सगळं आपल्याच जागेवर उगवताना बघितलं की बाजू आपोआप ठरते. पुढे मी गणिताची बाई झाले. आठवीला घसाऱ्याची गणितं शिकवली, जन्मभर शिकवली. यंत्राची किंमत दरवर्षी इतक्या टक्क्यांनी घटते, तर तीन वर्षांनी किती? दरवेळी फळ्यावर "यंत्र" लिहिताना माझ्या डोळ्यांपुढे तुमची गाडीच यायची. कॉलेजात असताना एकदा, पुण्याला हॉस्टेलवर राहून शिकायचं पैशांमुळे राहून गेलं तेव्हा, मी तरातरा वर्कशॉपमध्ये आले होते. चार माणसांसमोर म्हणाले, "तुम्ही माझं शिक्षण त्या पत्र्यात घातलं. भंगारात तरी जाईल का ती?" लेथ बंद झाला. तुम्ही हात पुसलेत आणि शांतपणे म्हणालात, "भाव इकायच्या दिवशी कळतो, बाई. तवर ती नुसती वस्तू असती. अन् वस्तू नीट ठिवायची असती." इतकंच. रागावला असतात तर बरं झालं असतं. तो शहाणपणा ऐकून माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता.

त्या पुण्याच्या गृहस्थांनी खिशातून एक छोटं यंत्र काढलं. ते पत्र्याला लावलं की वर रंगाचा थर किती जाड आहे ते कळतं म्हणे. दरवाजा, बॉनेट, मागचं झाकण, सगळीकडे लावत गेले आणि दर वेळी मान हलवत गेले. मला सांगू लागले की अशा गाडीत खरी किंमत इंजिनाची नसते, ती कुणीही बसवून देतो. किंमत असते कारखान्यातून निघताना लागलेल्या रंगाची. माणसं हौसेनं नवा रंग मारतात आणि गाडीचं मोल तिथंच अर्धं होतं. "झिजलेला चालेल, फिका चालेल, पण मूळचा पाहिजे. तो एकदाच मिळतो." मग डाव्या बाजूला, पुढच्या चाकाच्या वरच्या पत्र्याशी ते वाकले. बॅटरीचा उजेड पाडला. सांध्याच्या फटीत नखाएवढं हिरवं होतं. "इथं कुणीतरी रंग दिला होता," ते म्हणाले.

तो मीच दिला होता, अण्णा. तुम्हाला आठवतच असेल. गाडी आल्यावरचा पहिलाच दसरा. गळीत हंगामाच्या आधी फॅक्टरीत जिकडे तिकडे रंगकाम चाललेलं असायचं, बॉयलरला चंदेरी, रेलिंगला पिवळा, बैलगाड्यांच्या चाकांना हिरवा. कॉलनीतल्या आम्हा पोरांना एवढंच ठाऊक, की रंग दिला म्हणजे यंत्राचा मान झाला. तुमच्या गाडीच्या डाव्या पत्र्यावरचा लाल फिका पडला होता. मला तिची दया आली. खंडेनवमीच्या सकाळी डब्यात उरलेला हिरवा ऑईलपेंट घेऊन मी अख्खा पत्रा रंगवला, वर झेंडूचा हार घातला, आणि तुमची वाट बघत बसले. तुम्ही आलात. बघितलंत. माझ्या डोक्यावर हात ठेवलात आणि हाराला हळद-कुंकू वाहिलंत. मग दुसऱ्या दिवसापासून, रोज ड्यूटीवरून आल्यावर, चिंधीला टर्पेंटाईन लावून अंगठ्याने तो रंग काढायला बसलात. रुपयाएवढा निघाला की थांबायचं. थिनरने एका तासात निघाला असता, आणि खालचा लालही घेऊन गेला असता. हे मला आत्ता त्या गृहस्थांकडून कळलं. तेव्हा मी विचारलं होतं, "मी दिलेला रंग का काढताय?" तुम्ही म्हणालात, "नवा रंग द्याया पाच मिन्टं लागत्यात. जुना व्हाया लई वर्सं लागत्यात." मला कळलं नाही. मला वाटलं, आवडला नाही. शिमगा आला तरी तुमचा अंगठा त्या पत्र्यावर फिरतच होता, आणि मी रुसलेलीच होते.

ते गृहस्थ यंत्र त्याच जागी लावतात, परत लावतात, इंच इंच पुढे सरकवतात. आकडा बाकी गाडीसारखाच येतो. त्या फटीतला सोडला तर हिरवा पूर्ण गेला आणि लालाला धक्का लागला नाही. ते सरळ जमिनीवर बसले, त्या ऑईलच्या डागावरच. "कुणी काढलं हे?" मी म्हटलं, "वडिलांनी. अंगठ्यानं." त्यांनी स्वतःचा अंगठा त्या पत्र्यावरून एकदा हळूच फिरवला. मग म्हणाले, "बाई, मी देशोदेशीच्या गाड्या बघितल्या. असा हात नाही बघितला." आणि अण्णा, मी तो पत्रा इतक्या वर्षांत पहिल्यांदा पाहिला. फिका, बारीक रेघांचा, बोट लावलं तर गारेगार. हिरव्या आणि लालामधलं एवढंसं अंतर, नखापेक्षाही पातळ, त्याच्यावर तुम्ही पाच महिने चालत होतात आणि एकदाही तोल गेला नाही. माझे हात जोडले गेले. कुणाला जोडले ते विचारू नका.

त्यांनी सांगितलेला आकडा मी इथे लिहीत नाही, तुम्हाला खरा वाटणार नाही. आई ओट्यावर बसली होती. तुम्ही गेल्यावर मी भंगारवाल्याला बोलावलं होतं तेव्हा तिनेच त्याला फाटकातून परत लावला होता, "इकायचा तर जागंच्या भावात इकू, न्हाईतर गंजू दे" म्हणून. आणि गंजू मात्र दिला नाही. दर रविवारी मला इंजिन सुरू करायला लावायची, पिशवीभर डांबरगोळ्या आणून सीटखाली टाकायची. तिच्या हट्टापायीच गाडी तुमच्यामागे सतरा वर्षं टिकली. आताही तिने एवढंच विचारलं, "जागंएवढं आलं का?" मी त्या रस्त्यावरच्या दोन गुंठ्यांचा आजचा भाव काढून ठेवलेला होता. आलं नव्हतं, बरंच कमी होतं. आईने नकारार्थी मान हलवली. मी परत शेडमध्ये गेले आणि त्यांना जागेचा भाव सांगितला, वर थोडा चढवूनच. त्यांनी एकदा गाडीकडे पाहिलं आणि म्हणाले, "ठीक आहे."

आईला सांगितलं तेव्हा ती शेंगा निवडत होती. हात थांबले. "म्हंजी जागंएवढी झाली?" "वर झाली, आई." ती कितीतरी वेळ शेडकडे बघत राहिली. मग डोळ्यांना पदर लावून म्हणाली, "त्येंना कुनीतरी कळवा गं." म्हणून हे लिहायला बसले. कुठल्या पत्त्यावर टाकायचं ते तिलाही माहीत नाही, मलाही नाही.

सोमवारी ते गृहस्थ ट्रक घेऊन येणार आहेत. आई शेजारीपाजारी सांगत फिरते आहे की पोरीने पुण्याच्या माणसाकडून कसा भाव वसूल केला. तिला मी काही बोलले नाही, तुम्हाला सांगते. तो आकडा मिळावा म्हणून मी सांगितला नव्हता, अण्णा. ऐकून त्यांनी निघून जावं म्हणून सांगितला होता.