कांडप कल्याणला, अक्षताला नाही

लोखंडी बंगई, म्हणजे झोपाळा, एक. कडबा कापायचे यंत्र एक. मिरची कांडपाची मशीन एक, तिच्यावरचे पत्र्याचे झाकण आणि भुकटी पाण्याच्या टाकीत सोडणारी नळी. या वस्तू मी, गोरक्षनाथ राधाकिसन शिंगाडे, वय ५२, राहणार राजूर, तालुका भोकरदन, कोणाकडेही न शिकता स्वतःच्या हाताने केल्या. दम लागतो तो छातीला. डोके शाबूत आहे. कोणाच्या दबावाखाली लिहीत नाही. दबाव टाकून सगळे थकले.

१. राहते घर, कडब्याचे यंत्र आणि बँकेतील ठेव पत्नी रेणुका हिला. बंगईही तिचीच.

२. गणपती मंदिराच्या रस्त्यावरचा गाळा मुलगी अक्षता हिला. नारळ विकावेत, मोबाईल विकावेत. धूप, अगरबत्ती बिलकुल नाही.

३. कांडपाची मशीन धाकटा भाऊ कल्याण याला, फुकट. गाव हसेल, माहीत आहे. मला धाप लागली की हाच कल्याण चारचौघांत म्हणायचा, "भाऊ नाटकं करून राह्यले. मी बी तीच मिरची नाकानं खातो, मंग मला काहून होत न्हाई?"

तेच तर! जालन्याच्या डॉक्टरीणबाईंनी दोघांना समोर बसवून सांगितले: धूळ ही ठिणगी, सरपण आईबापाकडून येते, कोणाकडे काडीभर, कोणाकडे गाडीभर.

कल्याण म्हणाला, "मंग मी काय सावत्र हाय का?"

बाई म्हणाल्या, "सख्खेच. पण ही वाटणी तलाठी करत नाही."

आमचे वडील जन्मभर मेंढरांमागे फिरले. मिरची कुटली नाही, विडी ओढली नाही. तरी भिंतीला टेकून बसूनच झोपायचे. माझी सगळी मिळकत स्वकष्टाची. वडिलोपार्जित हा दमा तेवढा. त्याचे मृत्युपत्र करता येत नाही, नाहीतर तोही कल्याणलाच लिहिला असता.

४. अक्षताला मशीन का नाही, हे तिला शंभरदा सांगितले. "आबा, तुम्ही इतकी वर्षं बसले न्हाई का?" म्हणायची. बसलो, म्हणूनच सांगतो. दवाखान्यातल्या फुंकायच्या नळीत तिचा काटा तेविसाव्या वर्षी माझ्याही खाली थांबला. तरी तोंडाला ओढणी बांधून मशीनवर बसते! माझ्या माघारी महिनाभरात मशीन कल्याणच्या शेतात, आमच्या घराच्या पूर्वेला न्यावी. वारा घरावरून तिकडे जावा, तिकडून घरावर येऊ नये. अक्षता तिथे दिसली तर कल्याणने मशीन बंद करावी. तो बोलतो वाकडे, पण शब्दाला पक्का आहे.

५. दम्यावर रामबाण उपाय सांगणाऱ्या पाहुण्यांना दहाव्याला जेवू घालावे, बोलू देऊ नये.

ठिकाण: राजूर. दिनांक: १२ फेब्रुवारी २०२५.
साक्षीदार: मुनीर शेख (शिलाईवाले), झुंबरबाई कोल्हे (शेजारीण).

सह्यांआधी मुनीरभाई म्हणाले, "भाऊ, फुकट दिलं म्हणून उद्या कोणी बी खोट काढंल. मशीनचा आकडा लिहून टाका, बराबर." म्हणून लिहितो. दिवाळीत वडीगोद्रीचा एक मसालेवाला मशीन विकत घ्यायला आला होता. भुकटी चिमटीत चोळून पाहिली. सौदा रोखीचा, अट एकच: मशीन चालवायला अक्षता पाठवायची, पगार वेगळा. ती दारात उभी राहून होकाराची मान हलवत होती. मी नाही म्हणालो. तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही. पलीकडच्या खोलीत खोकते, ते ऐकू येते. नाकारलेली रक्कम: रुपये चार लाख वीस हजार फक्त.

(सही) गो. रा. शिंगाडे