हायड्रोजनला कुठं बसवायचं?

ती. सरस्वतीमावशी,

घाटनांदूरहून वनमालाचा वाकून नमस्कार. (तुझे गुडघे दुखतात, म्हणून वाकायचं काम सध्या माझ्याकडे.) पाटोद्यात थंडी कशी आहे? शेकतेस ना रोज? फोनच केला असता, पण मी फोनवर बोलताना आई शेजारी बसून माझं तोंड वाचते.

आमच्या शाळेत परवा विज्ञानाचा कार्यक्रम झाला. मैदानावर मी चुन्यानं मूलद्रव्यांचा तक्ता आखला आणि चौकोनाचौकोनात पोरं बसवली. बाहेरच्या कक्षेत जेवढे इलेक्ट्रॉन, तेवढी बोरं हातात. सोडियमला एक, क्लोरिनला सात (त्यानं दोन लगेच खाल्ली, पुन्हा भरून दिली). कोवळं ऊन, कुंपणापलीकडं हुरड्याला आलेली ज्वारी, वाऱ्यावर तरंगणारा कापसाचा पुंजका. काम सोडून बघत राहावं असं वाटत होतं.

हायड्रोजन झाले गणिताचे अंगद सर, कारण सगळ्यांत हलका तोच. (सरांना पाहिलंस तर पटेल.) त्यांच्याकडं एकच बोर. सोडियमचा रकाना ओरडला, "सर, तुमी आमचे! आमच्यावानी एकच बोर हाय." क्लोरिनचा रकाना म्हणाला, "न्हाई सर, तुमाला आमच्यावानी एकच कमी पडतंय!" दोघांचंही खरं. हायड्रोजन कधी इलेक्ट्रॉन देतो, कधी घेतो. छापील तक्त्यात तो सोडियमच्या रकान्यात सगळ्यांत वर बसतो, पण तो धातू नाही, वायू. पोरांनी सरांना दोन्हीकडून ओढलं, शर्टाची शिवण उसवली, तेव्हा मुख्याध्यापिका साखराबाई म्हणाल्या, "अरे, उभंच राहू द्या त्यांना!"

मावशी, मग सर चुन्याच्या रेषा ओलांडत थेट माझ्यासमोर आले. वाटून उरलेलं एक बोर माझ्याही हातात होतं. म्हणाले, "मॅडम, हायड्रोजन एकटा राहत न्हाई. दुसरा हायड्रोजन लागतो. मग दोन्ही बोरं दोघांची." शास्त्र अगदी बरोबर होतं, त्यामुळं रागावता येईना. शाळा, पोरं, साखराबाई, सगळं पाण्याखाली गेल्यासारखं लांब झालं. घंटा झाली म्हणे, मला ऐकूच आली नाही. भानावर आले तेव्हा अख्खा तक्ता टाळ्या वाजवत होता.

तुझी,
वनमाला

ता. क. : नंतर स्टाफरूममध्ये त्यांनी शास्त्र बाजूला ठेवून सरळ विचारलं. मी हो म्हणाले.

आणखी ता. क. : सुंदररावांच्या विजयसिंहाचं स्थळ तूच आणलंस, तेव्हा ते मोडायचंही तूच. आईसमोर माझी जीभ उचलत नाही. रविवारी ती तुझ्याकडं माझ्या लग्नासाठी तू आणलेला शालू बघायला येतेय. अंगद सर आणि त्यांची आईही त्याच दिवशी तुझ्याकडं जेवायला येतायत. हे आईला माहीत नाही. आत्तापर्यंत तुलाही नव्हतं. पुरण जरा जास्तच घाल.