सगळ्या वर्गाची एकच चूक

ती. ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार (मनातल्या मनात, खोली तेवढी लांब नाही). तुझी कंबर कशी आहे? बाबांचा खोकला? माझी प्रकृती उत्तम, म्हणजे एक दाढ सुजली आहे, पण बाकीचे दात तिला सांभाळून घेतात.

इंग्रजी शिकवायची नोकरी लागल्याचं कळवलं होतंच. टायरच्या दुकानावरची खोली, आणि विद्यार्थी सगळे माझ्याहून मोठे, दिवसभर राबून आलेले. (खाली हवा भरायचं यंत्र सुरू झालं की मी गप्प बसतो. तेवढा वेळ मी चुकत नाही.) तर इंग्रजीत काही क्रियापदं अशी असतात की जन्मानं क्रियापद, पण वाक्यात जाऊन बसतात नामाच्या नाहीतर विशेषणाच्या जागेवर. मराठीतही असतात म्हणे. तो धडा झाला तेव्हा मला वर्गाबाहेर उभं केलेलं होतं. मला ती माझीच भावंडं वाटली. जोशात सांगून बसलो, शेवटी 'इंग' दिसलं की क्रिया चालू आहे समजा, डोकं शिणवू नका.

परीक्षेत आलं, 'कुकिंग इज हर जॉब'. झाडून सगळ्यांनी लिहिलं, क्रिया चालू. क्लासचे मालक म्हणाले, "चुका वेगवेगळ्या असत्या तर त्यांच्या म्हटल्या असत्या. सगळ्यांची एकच चूक म्हणजे ती मास्तरची." मला रागही येईना, वाक्य बरं होतं.

जिवाला लागलं ते वेगळंच. कपड्यांच्या कारखान्यातल्या एक मावशी आहेत. पास झाल्या असत्या तर मशीन सुटून त्यांना ऑफिसात बसायचं काम मिळणार होतं. जिन्यात भेटल्या. म्हणाल्या, "जाऊ द्या सर. तुम्ही सांगितलेलं मात्र आम्हाला चोख पाठ होतं." टोमणा असता तर मला झोप लागली असती.

असो. "काहीतरी होऊन ये, नाहीतर येऊ नकोस," असं बाबा म्हणाले होते, ते माझ्या ध्यानात आहे. मी इथेच मुळं धरणार. घरी येण्याचा विचारसुद्धा नाही, हे त्यांना मोठ्यानं वाचून दाखव.

तुझा,
धाकटा

ता. क. : हे वाचून दाखवू नकोस. नोकरी त्याच दिवशी गेली, ते वर लिहायचं राहिलं. आपल्या चष्म्याच्या दुकानात काचा पुसायला माणूस हवा आहे का, एवढं बाबांना विचार.

आणखी ता. क. : "कोण आहे?" असं ते विचारतील. लगेच सांगू नकोस. आधी त्यांचा चेहरा बघ, आणि मला तेवढंच कळव.