पुढच्या ब्रेकला दोन थेंब

दि. ४

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

भावोजींची मोटरसायकल आणि हत्यारांची पेटी सुखरूप पोचली. ठमीची प्रयोगशाळेतली नोकरी वीस तारखेला, सोमवारी सुरू होते आणि ती या गाडीनेच जाणार आहे. रस्ता सरळ आहे. फक्त शेवटचा उतार थेट मोठ्या चौकात उतरतो आणि तिथे बस वळतात. मी तो तीनदा पायी उतरून पाहिला. ठमीचं म्हणणं, बाबा उतार बघतात, गाडी बघत नाहीत.

म्हणून गाडी बघितली. पुढच्या चाकाची चकती दोन्ही बाजूंनी चिमटीत धरतात ती ब्रेकची पॅड झिजून दीड मिलिमीटरवर आली आहेत. दोन पट्ट्यांनी मोजली, कारण पहिल्या पट्टीवर माझा विश्वास बसेना. मेकॅनिक अर्ध्या तासात बदलून देतो म्हणाला. पण पेटीत भावोजींची चिठ्ठी निघाली, की स्वतः उघडून पाहिल्याशिवाय पोरीच्या हाती देऊ नकोस. मी आजवर सायकलची चेनसुद्धा बसवलेली नाही. ती तूच बसवायचीस. तरी पुढच्या रविवारी करणार आहे.

तुझी माया आहेच. थोडी काळजीही राहू दे.
तुझा,
धाकटा

दि. ८

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

हे कारखान्याच्या कामाला बाहेरगावी गेलेत, तेव्हा विचारायचं ते मलाच विचार. पाना उलटा फिरवू नकोस, जेवून मग बस, आणि एक स्क्रू उरला तर घाबरू नकोस, तुझ्याकडे उरणारच. नवी वस्तू पहिल्यांदा कुरकुरते. आई दाराला, पंख्याला, पाळण्याला, सगळ्याला शिवणाच्या मशीनचं तेल दोन थेंब सोडायची, आठवतं? तिची ती बाटली पेटीच्या खालच्या कप्प्यात आहे. माझ्या भाचीला सांग, आत्याला गाडीवरून एक चक्कर हवी आहे.

बोटं सांभाळून पत्र लिहीत जा.
ताई

दि. १३

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

हे फोनवर सांगणार होतो, पण तू मध्येच हसतेस.

काम सरळ झालं. दोन बोल्ट काढले, जुनी पॅड ओढली, आतला पिस्टन मागे ढकलला, नवी बसवली. स्क्रू उरला नाही. ब्रेकची लिव्हर आधी थेट मुठीला टेकली. गाडीच्या पुस्तिकेत लिहिलं होतं की घट्ट होईपर्यंत दाबत राहा. ती अकरा वेळांत घट्ट झाली. मी चाळीस वेळा दाबली. मग चाक फिरवलं तर बारीक कुरकुर. मी दोन्ही पॅडवर दोन-दोन थेंब सोडले. कुरकुर साफ बंद झाली. इतकं शांत चाक मी पाहिलं नव्हतं.

ठमीला म्हटलं, झालं, आता निर्धास्त जा. आणि फाटकापर्यंत स्वतः चालवून दाखवली. ब्रेक दाबला. गाडीने मनावर घेतलं नाही. शेजारच्या दंतवैद्यबाईंच्या चार कुंड्या गेल्या, माझा गुडघा सोलवटला. दुसरा ब्रेक पायाशी असतो हे मला कुंड्यांत आठवलं. ठमीने विचारलं, हेही पुस्तिकेत होतं का.

तेल तुझं, पण हात माझा, तेव्हा दोष माझाच. मी पुन्हा पुन्हा एकच विचार करतो आहे: मी आधी बसलो नसतो तर? उतारावर ती असती. ठमीने हेल्मेट कपाटावर ठेवून दिलं आणि बसचं वेळापत्रक घेऊन आली. गाडी परत पाठवू का?

उत्तर लवकर यावं, रागावून आलं तरी चालेल.
तुझा,
धाकटा

दि. १६

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

आधी हसले, मग गुडघ्याशी आले तशी रडले. दोष माझाच आहे, तो मला ठेवू दे. हे कालच परतले आणि तुझं पत्र उभ्यानेच वाचलं. त्यांनी सांगितलेलं जसंच्या तसं लिहिते. तेल पॅडमध्ये मुरतं, ती जोडी फेकून दे. चकती स्पिरिटने पूस. नवी जोडी आण. या वेळी ठमीने बसवायची, तू नुसता दिवा धरायचा. तेलाची बाटली इकडे परत.

इतकं ठाम कसं ठाऊक, विचारलं, तर मिशी चोळू लागले. लग्नाच्या वर्षी तुझ्या आईनेच ब्रेकला दोन थेंब सोडायला सांगितलं होतं, म्हणाले. टाकीवर पोचा आहे ना, तो त्या दिवसाचा. तीस वर्षं मला सांगत आले, की बैल आडवा आला. गाडी परत पाठवलीस तर मी बोलणार नाही.

धीर सोडू नकोस. दिवा तर मुळीच सोडू नकोस.
ताई

दि. २०

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

ठमीने रविवारी पॅड बसवली. मी भर दुपारी दिवा धरला. मग तिने आवारात हळूहळू वीस चकरा मारून वीसदा ब्रेक लावला. चाक कुरकुरलं, कोणी लक्ष दिलं नाही. आज सकाळी ती कामाला गेली. मी दिवसभर काय केलं ते लिहीत नाही, कारण काही केलं नाही.

संध्याकाळी ती फाटकातून आत आली आणि माझ्या चपलेपासून वीतभर अंतरावर मुद्दाम गाडी थांबवली. मी पाय हलवला नाही. बाटली सोबतच्या पार्सलात आहे.

भावोजींना नमस्कार, आणि बैलालाही.
तुझा,
धाकटा

ता. क. पाय हलवला नाही असं वर लिहिलं आहे. ठमीने वाचलं. डावा हलला म्हणते. अर्धा इंच.